सोंग आणि ढोंग

कसाऱ्याहून विहीगांवमार्गें खोडाळ्याकडे जाणारा रस्ता मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांत शिरतो. हा बोहाड्याचा मुलूख. उन्हाळ्यांतील रात्रीं येथें संबळाच्या तालावर गणपति, शारदा, रावण असे मुखवटे एकामागून एक नाचत येतात. अशा प्रत्येक रूपास ‘सोंग’ म्हणतात. ‘रात्र थोडी, सोंगें फार’ ही म्हण किती सार्थ आहे, हें तेथें पहांटेपर्यंत बसणाऱ्यास उमगतें.

हा शब्द हिंदींतील ‘स्वांग’ या शब्दाचा सख्खा भाऊ. ‘स्व’ आणि ‘अंग’ यांपासून तो झाला, अशी व्युत्पत्ति सांगतात. ती धरून चालल्यास सोंग म्हणजे केवळ वरून पांघरलेला वेष नव्हे. तें स्वतःच्या अंगीं आणावयाचें असतें. मराठींतहि सोंग ‘आणतात’, आणि साधलें म्हणजे तें ‘वठतें’.

याच शब्दास एक हीन अर्थहि चिकटला. झोपेचें सोंग घेणारा दुसऱ्यास फसवूं पाहतो. तेथें सोंग ढोंगाच्या पंक्तीस जाऊन बसतें. वास्तविक दोहोंत मोठें अंतर आहे. ढोंगांत खरें काय तें एकट्या ढोंग्यासच ठाऊक असतें. सोंगांत तें सर्वांस ठाऊक असतें. बोहाड्यांतील मुखवट्यामागें आपल्याच गांवचा माणूस आहे, हें पाहणारे पुरतेपणीं जाणतात. आणि तरीहि देवाचें सोंग समोर आलें कीं त्यांचे हात जोडले जातात.