सड्यावरच्या भोरड्या

पावसाचा जोर ओसरला की रत्नागिरीच्या किनाऱ्यालगतच्या कातळसड्यांवर गुरे चरायला जातात. त्यांच्या पायाशी गायबगळे, साळुंक्या, जंगली मैना असा नेहमीचा मेळा असतो. त्यातच काही नवे पाहुणे दिसू लागतात. या भोरड्या. उर्दूत यांना तिलियर म्हणतात.

ओळखायच्या कशा? मुलांना आम्ही सांगतो, आधी साळुंकी बाजूला काढा: डोळ्याभोवती पिवळी कातडी, उडताना पंखावर पांढरा डाग. जंगली मैनेच्या पंखातही पांढरे असतेच. भोरडीच्या नसते. मोठ्या भोरडीचे अंग गुलाबी, डोके, पंख, शेपूट काळे. पण नुकत्या आलेल्यांचा गुलाबी रंग मळकट असतो आणि यंदाची पिल्ले तर नुसती मातकट, चोच पिवळसर. पुस्तकातले चित्र मनात धरून पाहणारा इथे हमखास फसतो. चरण्याची रीतही वेगळी. साळुंक्या रमतगमत फिरतात. भोरड्यांच्या थव्यात मागचे पक्षी उडून पुढच्यांच्याही पुढे बसतात, मग त्यांच्या मागचे; चटई उलगडत जावी तसा थवा सरकतो.

यांची वीण कझाकस्तान आणि आसपासच्या गवताळ मुलखात होते. दगडांच्या राशींत घरटी आणि पिल्लांना चारा टोळ-नाकतोड्यांचा. चीनच्या शिनजियांगमध्ये तर टोळ आवरावेत म्हणून यांना दगडांची घरटी बांधून देतात. शाम देशात यांना समरमर म्हणत. टोळधाड आली की एका खास झऱ्याचे पाणी आणून हलब शहरात उंच टांगायचे, त्या पाण्यामागून समरमर येतो, अशी तिथल्या लोकांची समजूत. पाण्याचे राहू द्या, पक्ष्याचा उपयोग त्यांनी बरोबर हेरला होता.

घाटावर ज्वारीवाले शेतकरी भोरड्यांच्या नावाने बोटे मोडतात, तेही खोटे नाही. आपल्या सड्यावर मात्र त्या नाकतोडे खातात, पुढे पांगारा-सावरीच्या फुलांतला मध. तरी गुलेल घेऊन जाणारी मुले असतातच. ‘‘तिलियर हलाल आहे ना, सर?’’ एकाने विचारले. हलाल आहे, पण कायद्याने शिकार बंद आहे. आणि नुसत्या खेळासाठी मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी अल्लाहकडे तक्रार करील, ही हदीस आम्ही त्यालाच शोधून आणायला सांगितली. नसाईत सापडली त्याला.

गुलेलीपेक्षा मोठी काळजी सड्याचीच आहे. चिरेखाणी वाढताहेत, बागा वाढताहेत, गुरे घटताहेत.

एप्रिलपर्यंत भोरड्या इथे आहेत. फजरनंतर निघा, सूर्य पाठीशी घ्या आणि गुरांच्या वाटेत पुढे जाऊन गप्प बसा. गुरे चरत आली की थवा त्यांच्याबरोबर येतो.