चेहऱ्यावरचे थर : क्रीम, सनस्क्रीन आणि फाउंडेशन

शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगभूषेच्या खोलीत एक तक्रार हमखास ऐकू येते : "बाई, हिच्या चेहऱ्यावर मेकअप बसतच नाही!" आधी क्रीम चोळलेले असते. वरून फाउंडेशन लावायला घ्यावे तर ते एकसारखे पसरत नाही. कुठे ठिपक्यांनी जमते, कुठे त्याच्या बारीक वळ्या निघतात. कोणी त्वचेला दोष देते, कोणी स्वस्त मालाला. खरे कारण बहुधा या दोन्हींत नसते. ते पाणी आणि तेल यांच्या स्वभावात असते आणि आठवी-नववीच्या वर्गात सहज दाखवता येते.

बहुतेक क्रीम म्हणजे पायस, म्हणजेच इमल्शन. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव इथे एकत्र नांदतात, पण त्यांतला एक बारीक थेंबांच्या रूपात दुसऱ्यात विखुरलेला असतो. दूध हे पाण्यात विखुरलेल्या स्निग्धांशाचे पायस आहे. लोण्यात याच्या उलट असते, तिथे स्निग्धांशात पाण्याचे थेंब अडकलेले असतात. लोणी कढवताना जो तडतडाट होतो तो याच पाण्याचा. क्रीमचेही असेच दोन प्रकार असतात. ओळखायचे कसे? वाटीभर पाण्यात वाटाण्याएवढे क्रीम टाकून ढवळा. पाणी दुधासारखे झाले तर बाहेरची बाजू पाण्याची. क्रीमचा गोळा तसाच तरंगत राहिला तर बाहेरची बाजू तेलाची.

आता दुसरा प्रयोग. काचेच्या पट्टीच्या अर्ध्या भागावर मेणबत्ती घासा. मेणावर एक थेंब पाण्याचा आणि एक खोबरेल तेलाचा ठेवा. पाणी अळवाच्या पानावर राहते तसे गोल राहील, तेल मात्र पसरेल. याचे कारण पृष्ठताण. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, खाद्यतेलांचा ३० ते ३५, तर सिलिकोन तेलाचा जेमतेम २०. ज्याचा पृष्ठताण खालच्या पृष्ठभागाच्या मानाने कमी, तो द्रव पसरतो. ज्याचा जास्त, तो गोळा होतो. त्वचा गुळगुळीत भासवण्यासाठी हल्लीच्या अनेक क्रीममध्ये सिलिकोन घातलेले असते. वेष्टनावर 'डायमेथिकोन' असे नाव दिसले तर ते हेच. अशा थरावर पाण्याचे प्रमाण जास्त असलेले फाउंडेशन लावले की ते ठिपक्यांनी जमते. त्यावर सिलिकोनयुक्त फाउंडेशन सहज पसरते.

वळ्या निघण्याचे कारण वेगळे आहे. मुलांना विचारा, ती लगेच सांगतील. हस्तव्यवसायाच्या तासाला हाताला लागलेला पांढरा गोंद सुकला की ती तो चोळून काढतात आणि त्याच्या वळ्या होतात. क्रीम दाट व्हावे म्हणून त्यात डिंकासारखी बहुवारिके मिसळतात. पाणी उडून गेले की त्यांचा पातळ पापुद्रा राहतो. थर जाड असेल, किंवा वरून जोराने घासले, तर तो पापुद्रा गुंडाळला जातो आणि वरचे फाउंडेशनही सोबत घेऊन जातो. म्हणून क्रीम थोडे लावावे, काही मिनिटे थांबावे आणि वरचा थर घासण्याऐवजी थापटून बसवावा.

एवढ्यावर हा विषय फक्त दिसण्याचा राहतो. पण मधला थर सनस्क्रीनचा असेल तर प्रश्न आरोग्याचा होतो. सूर्याच्या जंबुपार किरणांना अडवणारे हे क्रीम म्हणजे त्वचेवर अखंड पसरलेला एक पडदा असतो. त्याच्या बाटलीवरचा 'एसपीएफ' हा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर देऊन काढतात. हा ओला थर मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका जाड होतो. चेहऱ्याचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर धरले तर त्यासाठी १ ग्रॅम सनस्क्रीन लागेल. प्रत्यक्षात आपण याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी लावतो, आणि त्या प्रमाणात संरक्षणही घटते.

इथे दोन गैरसमज आढळतात. पहिला, फाउंडेशनवरच 'एसपीएफ १५' छापलेले आहे, मग वेगळे सनस्क्रीन कशाला? हा आकडाही २ मिलिग्रॅमच्या थराचाच असतो. चेहऱ्याला १ ग्रॅम फाउंडेशन लावले तर मुखवटा चढवल्यासारखे दिसेल. तितके कोणी लावत नाही, त्यामुळे तितके संरक्षणही मिळत नाही. दुसरा, खाली ३० आणि वर १५ म्हणजे एकूण ४५. ही बेरीज होत नाही. एसपीएफ ३० चा थर त्वचा लाल करणाऱ्या किरणांपैकी तिसावा भाग आत सोडतो, म्हणजे सुमारे ९७ टक्के अडवतो. ५० चा थर ९८ टक्के. आकडा मोठा झाला तरी फरक थोडाच पडतो. थर पुरेसा आहे का आणि सलग आहे का, यालाच जास्त महत्त्व आहे.

म्हणूनच सनस्क्रीन फाउंडेशनमध्ये कालवून लावू नये. तसे केल्याने ते विरळ होते, दोन्ही पायसे बिघडू शकतात, आणि मग बाटलीवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. ओल्या सनस्क्रीनवर फाउंडेशन घासले तर पडद्याला भोके पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, उन्हाला मात्र सापडतात. आधी हलके क्रीम, मग सनस्क्रीन, पंधरा-वीस मिनिटांनी फाउंडेशन, असा क्रम ठेवावा.

फाउंडेशन अगदीच निरुपयोगी आहे असेही नाही. त्याचा रंग टिटॅनियम डाय-ऑक्साइड आणि लाल, पिवळ्या, काळ्या आयर्न ऑक्साइडांपासून येतो. घरापुढच्या सारवणाला कडा काढण्याचा गेरू याच कुळातला. गालावर वांग येते ते केवळ जंबुपार किरणांनी नव्हे, दृश्य प्रकाशानेही वाढते. साधे, बिनरंगी सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइडचा रंग तो काही प्रमाणात अडवतो.

क्रीडादिनाला मुलांबरोबर दिवसभर मैदानावर उभे राहणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. सकाळी लावलेले सनस्क्रीन घामाने आणि रुमालाने पुसले जाते. दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. मुलांना फाउंडेशनची गरज नाही. त्यांना टोपी द्यावी, आणि कवायत शक्यतो ऊन चढण्याआधी उरकावी. वर्गात हा विषय घेताना मुलांना घरातल्या क्रीमच्या रिकाम्या डब्या आणायला सांगा. वेष्टनावर पहिले नाव पाण्याचे आहे की तेलाचे, हे वाचून क्रीमचा प्रकार ओळखता येतो का, हे वाटीतल्या पाण्याने त्यांना स्वतःच तपासू द्या.