किल्ली आपल्याच हातात

क्लाउडचं ऑडिट करताना धोरणांची फाईल मी सगळ्यात शेवटी वाचतो. आधी इंजिनिअरच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो आणि म्हणतो, "लॉगिन करा, चार महिन्यांपूर्वी कोणी काय बदललं ते दाखवा."

पुण्यातल्या एका कर्ज देणाऱ्या कंपनीत हेच विचारलं. डेटा ॲमेझॉनच्या मुंबईतल्या केंद्रात. क्लाउडवर कोणी काय केलं याच्या नोंदी ठेवणाऱ्या क्लाउडट्रेलची यादी उघडली, खाली सरकत गेली आणि ९० दिवसांपाशी संपली. तिथे आपोआप दिसतो तो एवढाच इतिहास. जास्त हवा असेल तर वेगळी ट्रेल सुरू करून नोंदी साठवाव्या लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे मात्र लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. ग्राहकाची केवायसीची फाईल कोणी उघडली, याची नोंद तर मुळातच होत नाही. ती सोय मुद्दाम चालू करावी लागते, तिचे पैसे वेगळे पडतात, म्हणून ती राहून जाते. मग चोरी झालीच, तर सहा तासांत कळवणार काय?

पुढे परवानग्या. रिपोर्ट काढणाऱ्या एका साध्या प्रोग्रामला सगळ्या फाईलींवर पूर्ण हक्क दिलेले होते. "रिलीजच्या घाईत दिले, नंतर कमी करायचे राहिले," इंजिनिअर म्हणाला. खरं बोलला. हेच उत्तर मी सगळीकडे ऐकतो, आणि मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. २०१९ साली अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेत फायरवॉलच्या चुकीच्या सेटिंगमधून हल्लेखोर आत शिरली, तेव्हा तिच्या हाती असेच गरजेपेक्षा जास्त हक्क लागले. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांची माहिती गेली. ८ कोटी डॉलरचा दंड झाला तो बँकेला, क्लाउड कंपनीला नाही.

"सर्व्हर त्यांचा, जबाबदारी त्यांची" हा समज म्हणूनच घातक आहे. इमारत, वीज, यंत्रं क्लाउड कंपनी सांभाळते. कोणाला किती हक्क द्यायचे, हे आपण ठरवतो. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बाहेर जात नाही, ही रिझर्व्ह बँकेची भूमिका तिच्या २०२३च्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशांत स्पष्ट आहे. त्याच वर्षीच्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

जुने हक्क काढून टाकणं हे काम कोणाच्याच टार्गेटमध्ये धरलेलं नसतं. कंपन्यांच्या मालकांनो, ते धरा आणि त्यासाठी तुमच्या इंजिनिअरना वेळ द्या.