रजा संपली तरी अंगावरचं दूध चालू राहतं

बाळंतपणाची रजा संपत आली की घरात हमखास ऐकू येतं, "आता वरचं दूध लावावंच लागणार." तसं काही नसतं. नोकरीमुळे दूध आटत नाही, ते तासन्‌तास न काढल्यामुळे आटतं. जेवढं निघतं, तेवढं नवं तयार होतं.

आधी रजेचा हिशोब. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा 26 आठवडे झाली. त्यातले 8 आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. ते घेतले असतील, तर आपण कामावर परतताना बाळ चारच महिन्यांचं असतं. सहा महिन्यांपर्यंत त्याला पाणी नको, बाळगुटीही नको. हे आजीला आधीच समजावून ठेवावं.

रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी दूध काढायचा सराव करावा. हात स्वच्छ धुवावेत. अंगठा आणि तर्जनी स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबावं, मग बोटं एकमेकांकडे दाबावीत. कातडीवरून बोटं घसरवू नयेत. पहिल्या दिवशी चमचाभरच निघेल. इथेच अनेकजणी धीर सोडतात. आपण सोडू नये.

याच दिवसांत आजीने किंवा बाबांनी वाटी-चमच्याने दूध पाजून पाहावं. आई समोर असली की बाळ वाटीला तोंड लावत नाही, म्हणून आपण तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जावं.

कामावर साधारण दर तीन तासांनी दूध काढावं. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. आतून कडी लागणारी खोली मागून घ्यावी. शौचालयात दूध काढू नये. काजू कारखान्यात काम असेल, तर टरफलाचं तेल हाताला राहणार नाही इतके साबणाने हात धुवावेत.

दूध झाकणाच्या स्वच्छ डब्यात, साठ-साठ मिलिलिटरचे वाटे करून ठेवावं, म्हणजे उष्टं कमी फुकट जातं. 25 अंशांपर्यंत ते चार तास टिकतं. रत्नागिरीसारख्या ठिकाणचा उन्हाळा याहून गरम, म्हणून डबा बर्फाच्या पिशवीतच ठेवावा. घरी फ्रिजच्या दारात न ठेवता आत, मागच्या बाजूला ठेवावा आणि 24 तासांत वापरावा. पावसात वीज गेली, तर फ्रिज उघडू नये. दूध कोमट झालं असेल, तर टाकून द्यावं.

दूध पाजण्याआधी डबा गरम पाण्यात धरावा. थेट गॅसवर उकळू नये. वर साय जमली म्हणजे दूध नासलं असं नव्हे. हलक्या हाताने हलवलं की ते एकजीव होतं. उरलेलं उष्टं दूध पुन्हा वापरू नये.

निघण्यापूर्वी आणि घरी आल्या आल्या बाळाला अंगावर घ्यावं. रात्रीचं पाजणं सोडू नये, कारण दूध तयार करणारं संप्रेरक, म्हणजे शरीराला तसा इशारा देणारा रस, रात्री अधिक असतो. सुट्टीच्या दिवशी अंगावरच पाजावं.

दूध साचून गाठ आली, तरी पाजणं थांबवू नये. ताप आला किंवा स्तन लाल झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. बाळाला दूध पुरतंय का, हे डब्यातल्या दुधावरून ठरवू नये. दिवसातून सहा-सात वेळा लघवी आणि वाढतं वजन, ही खरी खूण.

सहा महिन्यांनंतर पेज-भात सुरू झाला, तरी दोन वर्षं आणि पुढेही दूध चालू ठेवता येतं. दिवसा जमलं नाही, तर सकाळ-संध्याकाळ तरी पाजावं. तेही बाळाच्या उपयोगाचंच असतं.