कोऱ्या कागदाचे काम

शाळांसाठी पाणी या विषयावर आम्ही एकदा चार पानी पुस्तिका काढली. पहिल्या पानावर चित्र होते: आटलेली विहीर आणि तळाशी उतरून वाटीने घागर भरणारी मुलगी. चित्र पेन्सिलीने, सुरेख छटा देऊन काढलेले. झेरॉक्स होऊन आले तेव्हा विहीर, मुलगी, घागर सगळे मिळून एक करडा डाग झाला होता. एका वर्गातल्या मुलांनी बाईंना विचारले, "हे ढग आहेत का?" ज्या मुलीसाठी लेख लिहिला होता, तीच दिसेना.

चित्र पुन्हा काढले. चौकट जवळजवळ सगळी काळी केली. वर विहिरीच्या तोंडाचे पांढरे वर्तुळ, अगदी खाली नखाएवढी पांढरी मुलगी. भिंतीचा एकही दगड काढला नाही. तरी विहीर खोल दिसू लागली. असे का व्हावे?

थोडा हिशेब करू. वर्तमानपत्राचा कागद त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६० टक्के परत पाठवतो, काळी शाई ५ टक्क्यांच्या आसपास. खोलीतला उजेड ३०० लक्स धरला, तर भर दुपारचे ऊन सुमारे १,००,००० लक्स असते. म्हणजे उन्हातल्या काळ्या अक्षराकडून येणारा प्रकाश ५,००० भाग, तर खोलीतल्या 'पांढऱ्या' कागदाकडून येणारा फक्त १८०! काळे अक्षर पंचवीसपटीहून अधिक उजळ, तरी आपल्याला ते काळेच दिसते. डोळा प्रकाश मोजत बसत नाही. शेजारी काय आहे त्याच्याशी तुलना करतो.

याची सुरुवात डोळ्यातच होते. प्रकाश पडलेली पेशी आपल्या शेजारणींचा संदेश थोडा दाबते, त्यामुळे जिथे उजेड-अंधाराची सीमा असते तिथला फरक वाढून मेंदूकडे जातो. हॉर्सशू क्रॅब या (नावात खेकडा असलेल्या, पण कोळ्याच्या नात्यातल्या) प्राण्याच्या डोळ्यावर हार्टलाइन यांनी हे दाखवले. दृष्टीवरच्या कामासाठी त्यांना १९६७ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वर्गात पाहायचे असेल तर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेचे दोन तुकडे कापा. एक काळ्या कागदावर ठेवा, दुसरा पांढऱ्याशुभ्र कागदावर. पहिला पांढरा वाटेल, दुसरा मळकट. तुकडे एकाच कागदाचे आहेत हे मुलांना सांगूनही पटत नाही, अदलाबदल करूनच दाखवावे लागते.

दुसरी गोष्ट कडेची. दोन रंग भेटतात तिथली कड कोणाची? डेन्मार्कचे मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांचे १९१५ चे चित्र अनेकांनी पाहिले असेल: पांढरा चंबू पाहावा, तर दोन्ही बाजूंचे काळे चेहरे नुसती पार्श्वभूमी होतात, चेहरे पाहावेत, तर चंबू नाहीसा. कड एका वेळी एकाच बाजूला मिळते. दुसरी बाजू मागे सरकते आणि कडेच्या पलीकडेही पसरली आहे असे वाटते. आमच्या विहिरीतला काळा रंग खोल वाटला तो यामुळेच.

नियतकालिकांच्या चित्रकारांना हे प्रयोगशाळेआधीच उमगले होते. फेलिक्स व्हालोत्तों हा मूळचा स्विस चित्रकार १८९० च्या दशकात 'ला रव्ह्यू ब्लांश' या पॅरिसच्या नियतकालिकासाठी चित्रे काढीत असे. लाकडी ठशात कोरून काढलेला भाग छापात पांढरा राहतो, उरलेला काळा. मधली छटा नाहीच. १८९८ च्या त्याच्या 'पैसा' या चित्रात एक बाई खिडकीशी उभी आहे, पुरुष हात पुढे करून तिला काही सांगतो आहे. उजवीकडची निम्म्याहून अधिक चौकट निव्वळ काळी आहे, आणि पुरुषाचा काळा पोशाख तिच्यात मिसळून गेला आहे. त्याची पाठ कुठे संपते हे आपणच ठरवतो. खोलीतले सामान काढले असते, तर आपण सामान पाहिले असते. आता नजरेला त्या दोघांखेरीज जागा नाही.

भित्तिपत्रकाच्या चित्रात मुले कोपरान् कोपरा भरतात, आणि 'छान, रिकामे काही सोडले नाही' अशी शाबासकी आपणच देतो. एकदा पेन्सिल बाजूला ठेवून फक्त काळा कागद, कात्री आणि खळ द्या. विषय साधा असावा: दिवे गेलेले घर, रात्रीचा एस.टी. थांबा. कंदील पिवळा रंगवता येत नाही म्हटल्यावर मुले आपोआप अंधार कापू लागतात. चित्र भिंतीवर लावून दहा पावलांवरून, डोळे किलकिले करून पाहायला सांगा. तेवढ्यातही ओळखू आले, तर झेरॉक्सवरही टिकेल. आमच्या एका गटातल्या मुलाने एस.टी. थांब्यासाठी काळ्या कागदाला फक्त दोन गोल भोके पाडली होती. बस येतेय हे सगळ्यांना कळले.