‘अंगावर पाजता का?’ हा प्रश्न अपुरा का पडला

एचआयव्ही आईच्या दुधातून बाळाला जाऊ शकतो, हे १९८० च्या दशकातच कळलं होतं. मग अभ्यास सोपा वाटतो: अंगावर पिणारी बाळं एका गटात, न पिणारी दुसऱ्या, आणि संसर्ग मोजायचा. पण आपल्याच घरात आठवून बघा. अंगावर पिणाऱ्या बाळाला गुटी देतात, पाणी पाजतात, वरचं दूधही देतात. हे सगळं एकाच ‘हो’मध्ये बसत होतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानमध्ये ॲना कुत्सुदिस आणि सहकाऱ्यांनी हा ‘हो’ फोडला. मूळ चाचणी अ जीवनसत्त्वाची होती. बाळाला काय पाजायचं हे आयांनीच ठरवलं होतं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले. तीन महिन्यांपर्यंत संसर्ग झालेली बाळं: फक्त अंगावर पिणारी १४.६ टक्के, अजिबात न पिणारी १८.८ टक्के, दोन्ही घेणारी २४.१ टक्के.

न पिणाऱ्यांतही १८.८ कसे? तो संसर्ग गर्भात किंवा बाळंतपणात झालेला. आणि १४.६ बघून ‘दूधच एचआयव्हीपासून वाचवतं’ असं लिहायचा मोह होईल. लिहू नका, तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. ठळक फरक होता तो फक्त अंगावरचं आणि मिश्र यांच्यात. वरचं अन्न आतड्याच्या अस्तराला इजा करून विषाणूला वाट देत असावं, असा एक तर्क आहे.

आता तुम्ही विचाराल, चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, मग जास्त आजारी आयांनीच मिश्र निवडलं असेल तर? रास्त शंका. इतर घटक हिशेबात धरूनही फरक टिकला. २००५ मध्ये झिंबाब्वेतही तेच दिसलं. २००७ च्या क्वाझुलू-नाताल अभ्यासात घट्ट अन्न मिळालेल्या बाळांना धोका सुमारे ११ पट निघाला.

तरी दूध बंद करून टाकलं तर? बोट्स्वानात सरकार डब्याचं दूध फुकट देत होतं. २००६ च्या मोठ्या पावसानंतर जुलाबाची साथ आली आणि जी बाळं दगावली त्यांतली बहुतेक अंगावर पीत नव्हती. आज आईने औषधं नियमित घेतली तर दुधातून होणारा संसर्ग खूप कमी होतो, म्हणून २०१० पासून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही औषधांसह स्तनपानाच्या बाजूने झुकला.

तुमच्या प्रश्नावलीत ‘स्तनपान: हो/नाही’ असेल तर तो रकाना खोडा. ‘काल सकाळपासून बाळाच्या तोंडात काय काय गेलं?’ असं विचारा. तेही एकदाच विचारून भागत नाही. परवा दिलेली गुटी त्यातून निसटते.