जड भिंग, एक स्क्रू आणि सहा हालचाली

पाणथळ जागी पक्ष्यांची छायाचित्रे घेणारी मंडळी आपण पाहिली असतील. त्यांच्या ट्रायपॉडवर जे लांबलचक भिंग बसवलेले असते त्याचे वजन तीन ते पाच किलो असते. कॅननचे १९९९ साली आलेले ६०० मिमी नाभीय अंतराचे भिंग सुमारे ५.४ किलोचे होते. त्याच नाभीय अंतराचे २०१८ सालचे भिंग ३ किलोंवर आले. अशा भिंगाची आजची किंमत दहा लाख रुपयांहून अधिक असते. हे सगळे ओझे तळहाताहून लहान अशा धातूच्या एका पट्टीवर पेललेले असते. ही पट्टी एका झटक्यात अडकवता येते आणि तशीच काढताही येते. म्हणून तिला क्विक रिलीज प्लेट म्हणतात. ती कशी निवडावी या प्रश्नाचे उत्तर शाळेतल्या यंत्रशास्त्रात मिळते.

प्रथम भिंग कोठे धरायचे ते पाहू. जड भिंगाच्या नळीभोवती एक कडे असते आणि त्या कड्याला खाली पाय असतो. ट्रायपॉडला जोडायचा तो हा पाय, कॅमेरा नव्हे. समजा, भिंग ४ किलोचे आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य कॅमेऱ्याच्या तोंडापासून १५ सेंमी पुढे आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला तर ४० न्यूटनचे वजन १५ सेंमी अंतरावर लोंबकळते. बल गुणिले लंबांतर म्हणजे बलाचे आघूर्ण. ते येथे ६ न्यूटन-मीटर भरते आणि ते सगळे कॅमेरा व भिंग यांमधल्या नाजूक सांध्याला सोसावे लागते. पायाला धरले तर दोन्ही बाजूंची वजने एकमेकांना तोलतात.

एकच स्क्रू का पुरत नाही?

पायाला प्लेट जोडण्यासाठी स्क्रू वापरतात. त्याची दोन मापे जगभर रूढ आहेत : पाव इंच व्यासाचा, इंचात २० आटे असलेला, आणि ३/८ इंच व्यासाचा, इंचात १६ आटे असलेला. लहान कॅमेऱ्याला पाव इंची एक स्क्रू पुरतो. जड भिंगाचे काय होते ते आकड्यांनी पाहू.

ट्रायपॉड आडवा करून खांद्यावर घेतला की स्क्रूचा अक्ष आडवा होतो. भिंग आणि कॅमेरा मिळून ५ किलो, म्हणजे ५० न्यूटन. गुरुत्वमध्य स्क्रूपासून ५ सेंमी बाजूला असेल तर फिरवणारे आघूर्ण २.५ न्यूटन-मीटर होईल. याला विरोध करते ते फक्त प्लेट व पाय यांमधले घर्षण. नाणे खाचेत घालून स्क्रू बऱ्यापैकी आवळला आणि त्याने दोन्ही पृष्ठभाग ८०० न्यूटन बलाने एकमेकांवर दाबले असे धरू. घर्षणांक ०.२ घेतला तर घर्षणाचे बल १६० न्यूटन येते. ते स्क्रूच्या मध्यापासून सरासरी दीड सेंमीवर कार्य करते, म्हणून त्याचे आघूर्ण २.४ न्यूटन-मीटर. म्हणजे भिंग निसटण्याच्या अगदी काठावर आहे. ते ज्या दिशेने फिरेल ती दिशा स्क्रू सैल करणारी निघाली, तर पुढचे संकट सांगायला नको.

स्क्रू आणखी आवळणे हा काही खरा उपाय नव्हे. पायाला दोन छिद्रे असतील तर दोन स्क्रू लावावेत. दोन स्क्रू असले की घर्षण कितीही कमी झाले तरी फिरण्याला वावच राहत नाही. एकच छिद्र असेल तर जिच्या कडेला उभा काठ आहे अशी प्लेट घ्यावी. तो काठ पायाच्या कडेला टेकतो आणि फिरणे रोखतो. वर्गात हे सहज दाखवता येते. पुठ्ठ्याची पट्टी एका टाचणीने फळ्यावर टोचा आणि एका टोकाला खडू बांधा. पट्टी फिरेल. दुसरी टाचणी टोचा. आता ती फिरणार नाही.

येथे एक महत्त्वाचा भेद आहे. काही जोड घर्षणाने टिकतात, काही आकाराने. घर्षण हे आवळण्यावर, धुळीवर, ओलाव्यावर आणि गाडीच्या हादऱ्यांवर अवलंबून असते. आकार असा बदलत नाही.

पाच हालचाली आकाराने, सहावी घर्षणाने

अवकाशातील कोणत्याही वस्तूला सहा प्रकारे हलता येते : तीन दिशांनी सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. चांगल्या जोडाने सहाही रोखल्या पाहिजेत.

आज जड भिंगांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत आर्का-स्विस या कंपनीच्या नावाने ओळखली जाते. तिच्यातील प्लेट सुमारे ३८ मिमी रुंद असते आणि तिच्या दोन्ही कडा ४५ अंशांनी तिरप्या असतात, खाली रुंद व वर अरुंद. सुतार ड्रॉवरच्या कोपऱ्यात पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखा जोड करतो, त्याचाच हा भाऊबंद. पकडीचे जबडे बाजूने दाबले की तिरप्या कडांमुळे प्लेट खालीही दाबली जाते. ही पाचरीची करामत. त्यामुळे प्लेट वर उचलली जात नाही, बाजूला सरकत नाही आणि कोणत्याही अक्षाभोवती फिरत नाही. पाच हालचाली आकारानेच बंद झाल्या.

उरली सहावी, खाचेतून पुढेमागे सरकणे. ती मात्र केवळ घर्षणाने थांबते. झाडाच्या शेंड्यावरील पक्ष्याकडे भिंग ६० अंशांत रोखले तर ५० न्यूटन वजनापैकी ४३ न्यूटन खाचेच्या दिशेने ओढत असतात. पकड घट्ट असेल तर भीती नाही. पण तोल साधण्यासाठी ती किंचित सैल केली त्याच क्षणी भिंग मागे घसरू शकते. म्हणून प्लेटच्या दोन्ही टोकांना छोटे अडथळा-स्क्रू असतात. काही जण ते अडचण म्हणून काढून टाकतात. असे करू नये. सहावी हालचाल आकाराने बंद करणारे तेवढेच दोन रक्षक आहेत.

या प्लेटचे माप कोणत्याही अधिकृत मानकाने ठरवलेले नाही. निरनिराळ्या उत्पादकांच्या प्लेटमध्ये किंचित फरक असतो. खटक्याने मिटणारी पकड ठरावीक अंतरच मिटते, त्यामुळे परक्या प्लेटवर ती ढिली राहू शकते. मळसूत्री मुठीची पकड प्लेटला भिडेपर्यंत फिरते. निरनिराळ्या प्लेट वापरायच्या असतील तर मूठच बरी. काही भिंगांच्या पायालाच ही खाच कोरलेली असते; टॅमरॉनचे २०१६ सालचे १५०-६०० मिमी भिंग असे आहे. तेथे वेगळी प्लेट लागत नाही, म्हणजे एक सांधा कमी झाला.

लांबी आणि ताठपणा

प्लेट लांब का हवी? ४ किलोच्या भिंगामागे २५ सेंमी अंतरावर १ किलोचा कॅमेरा जोडला तर एकूण गुरुत्वमध्य ५ सेंमी मागे सरकतो. झूम भिंग लांबवले की तो पुढे जातो. प्लेट पकडीपेक्षा लांब असेल तरच ती सरकवून तोल साधता येतो.

ताठपणाचे गणित तर आश्चर्यकारक आहे. कॅमेऱ्यातील संवेदकाचा एक प्रकाशबिंदू ०.००४ मिमी रुंद धरू. ६०० मिमी भिंगाच्या दृष्टीने हा दीड लाखात एक इतका कोन झाला. १० सेंमी लांब प्लेटचे एक टोक ०.०००७ मिमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतके वरखाली झाले, तरी प्रतिमा एक बिंदू सरकते. म्हणून जड भिंगाखाली रबराचा किंवा बुचाचा थर नको. त्याने घर्षण वाढते खरे, पण तो दबतो आणि कंप पावतो. धातूवर धातू उत्तम. उंच पायापेक्षा बुटका पाय ताठ, हेही लक्षात ठेवावे.

खोक्यावर 'भारक्षमता इतके किलो' असे छापलेले असते. तो आकडा वजनाचा आहे. तेच वजन किती अंतरावरून लोंबकळते, हे तो सांगत नाही.

शाळेतली लहान दुर्बीणही पुष्कळदा अशाच तिरप्या कडांच्या पट्टीने बसवलेली असते. ती विद्यार्थ्यांना उघडून दाखवावी आणि सहा हालचाली मोजायला सांगाव्यात : कोणत्या आकाराने थांबल्या, कोणत्या घर्षणाने? मग हाच प्रश्न सायकलच्या सीटला, दाराच्या कडीला आणि बाकाच्या खिळ्यांना विचारता येईल.